खेळाआधी अंग तापवताना

कोकणातल्या कोणत्याही शालेय खो-खो स्पर्धेच्या सकाळी मैदानाच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. मुले गोलात उभी असतात. मधला एक जण 'एक-दोन-तीन-चार' म्हणत मान, खांदे, कंबर फिरवून घेतो. मग सगळे खाली वाकून पायाचे अंगठे धरतात आणि दहापर्यंत मोजतात. आठ-दहा मिनिटांत हे आटोपते. तेवढ्यात निरोप येतो की आधीचा सामना लांबला आहे. मुले झाडाच्या सावलीत बसतात, कोणी वडापाव खातो, कोणी गप्पा मारतो. अर्ध्या-पाऊण तासाने संघाचे नाव पुकारले जाते आणि तीच मुले थेट चौकोनात जाऊन उकिडवी बसतात. पहिल्याच 'खो'ला त्यांनी पूर्ण वेगाने उसळी घ्यावी, अशी सरांची अपेक्षा असते.

या संघाने वॉर्म-अप केला, असे म्हणता येईल का? वहीत नोंद होईल, पण त्या मुलांचे स्नायू घरून निघताना होते तसेच थंड आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात आज खो-खो, कबड्डी, क्रिकेट, मल्लखांब, अॅथलेटिक्स या सगळ्यांना चांगले दिवस आहेत. ऐश्वर्या सावंतसारखी खो-खोपटू याच मातीतून पुढे आली. डेरवणच्या क्रीडासंकुलात दर वर्षी मार्चमध्ये यूथ गेम्स भरतात, तिथे ठिकठिकाणची मुले उतरतात. अशा वेळी खेळाआधीच्या पंधरा-वीस मिनिटांबद्दल आपल्याला आज नेमके काय ठाऊक आहे, जुन्या तालमींना काय ठाऊक होते आणि दोन्ही मिळून आपल्या हवेत, आपल्या मैदानांवर कसे वापरावे, याचा एकत्र विचार व्हायला हवा. माझे मत आधीच सांगून ठेवतो. पाठ केलेली व्यायामांची यादी उरकली की वॉर्म-अप झाला, असे नाही. खेळ कोणता, हवा कशी, खेळणारा कोण आणि पुकारा कधी होणार, हे पाहून तो दर वेळी नव्याने आखावा लागतो.

शास्त्राची बाजू तशी सरळ आहे. डेन्मार्कच्या आसमुसेन आणि बोये यांनी १९४५ साली शरीराचे तापमान आणि काम करण्याची क्षमता यांचा संबंध प्रयोगाने दाखवला. विश्रांतीच्या वेळी मांडीच्या स्नायूचे तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडे कमी असते. हलके धावायला लागले की पहिल्या तीन ते पाच मिनिटांत ते झपाट्याने चढते आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावते. स्नायू तापला की त्यातल्या रासायनिक क्रिया वेग घेतात, मज्जातंतूंतून संदेश लवकर पोचतो, रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक सहज सोडते आणि स्नायू-सांध्यांचा ताठरपणा थोडा कमी होतो. स्नायूचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले तर वेगाच्या किंवा ताकदीच्या कामात साधारण २ ते ५ टक्के फरक पडतो, असे मानले जाते. शंभर मीटरच्या शर्यतीत २ टक्के म्हणजे पदक आणि सहावा क्रमांक यांतले अंतर.

डेव्हिड बिशप या ऑस्ट्रेलियन संशोधकाने २००३ मध्ये दोन भागांत लिहिलेला आढावा आजही या विषयात पायाभूत मानला जातो. वॉर्म-अपचा फायदा निव्वळ उष्णतेचा नाही, हे त्याने नीट मांडले. आधी हालचाल झालेली असली की प्राणवायूचा वापर वरच्या पातळीवरून सुरू होतो, त्यामुळे खेळाच्या पहिल्या मिनिटाचा बोजा हलका होतो. शिवाय मनही तयार होते. पण त्याच आढाव्यात इशाराही आहे. वॉर्म-अप फार जोराचा झाला, किंवा तो संपल्यावर दम परत यायला चार-पाच मिनिटे मिळाली नाहीत, तर खेळाडू थकलेला उतरतो आणि कामगिरी खाली येते. २०१० मध्ये फ्रॅडकिन आणि सहकाऱ्यांनी ३२ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मोजलेल्या कामगिरीच्या ७९ टक्के बाबींत वॉर्म-अपने सुधारणा दिसली. उरलेल्या बाबींत ती दिसली नाही, याचे कारण बहुतेक ठिकाणी चुकीची आखणी हेच असावे.

हृदयाचा मुद्दा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी पुरुषांना काही तयारी न करता एकदम जोरात पळवले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ईसीजीत हृदयाला रक्तपुरवठा कमी पडत असल्याच्या खुणा दिसल्या. आधी थोडे हलके धावून मग तेच केले तर या खुणा बऱ्याच अंशी नाहीशा झाल्या. पन्नाशीच्या गृहस्थाने सकाळी रत्नागिरीतल्या मांडवीच्या किनाऱ्यावरून वरच्या वस्तीकडे जाणारी चढण तडक चढायला घेऊ नये, आधी दहा मिनिटे सपाटीवर चालावे, हे यातून आपोआपच येते. चालताना छातीत दाटून आले आणि थोड्या वेळाने बरे वाटले, तर 'अंग तापले म्हणून बरे वाटले' अशी समजूत करून घेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

हे सगळे आपल्या तालमींना प्रयोगशाळेवाचून कळले होते. कोल्हापूरकडच्या तालमीत पैलवान पहाटे आधी फावडे घेऊन आखाड्यातली लाल माती उकरतो. माती मऊ होते आणि उकरणाऱ्याचे खांदे, पाठ, मांड्याही तापतात. कुस्तीला उभे राहण्याआधी ज्या स्नायूंचे काम पडणार, त्याच स्नायूंना त्याने कामाला लावलेले असते. मग जोर, बैठका, सपाट्या. आणि लढतीच्या क्षणी शड्डू. मल्लखांबाच्या सरावात दंड-बैठका आणि खांद्या-मनगटांच्या हालचाली झाल्याशिवाय गुरू मुलाला लाकडाला हात लावू देत नाहीत. या शिस्तीला मोठी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम उभारणारे स्वामी कुवलयानंद हे बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांकडे घडलेले. त्यांनी योगासने आणि शालेय शारीरिक शिक्षण यांची सांगड घालण्याचा मोठा प्रयत्न केला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांमध्ये नेले आणि त्यावर पुस्तके लिहून ते देशाबाहेरही पोचवले. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा तब्येत कमावण्याला दिले, ही गोष्ट तर इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते.

मग आजच्या शाळेच्या मैदानावर गोलात उभे राहून अंगठे धरण्याची पद्धत कुठून आली? माझ्या मते ती तालमीतून आलेली नाही, कवायतीतून आली आहे. कवायतीचे उद्दिष्ट सगळ्यांनी एका ठेक्यात, एका रांगेत, एकसारखे हलावे हे असते. पंधरा ऑगस्टला ते शोभते. वॉर्म-अपला मात्र एकसारखेपणाची गरज नाही. तिथे प्रत्येक शरीराला त्याच्या खेळासाठी तयार करायचे असते. कवायतीचा साचा उचलला आणि तालमीतली समज मागे राहिली.

सूर्यनमस्काराविषयी थोडे सविस्तर, कारण बऱ्याच शाळांत 'बारा सूर्यनमस्कार' म्हणजेच वॉर्म-अप असे समीकरण झाले आहे. पहिले पाच-सहा सावकाश आणि पुढचे थोडे वेगाने घातले तर खांदे, पाठ, नितंब, मांडीची मागची बाजू यांना चालत्या हालचालीतून ताण मिळतो, श्वास वाढतो, घाम येतो. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती यांच्यासाठी ही फार चांगली सुरुवात आहे. पण सूर्यनमस्कारात शरीर पुढे-मागेच हलते. त्यात बाजूला झेप नाही, वळण नाही, उडी मारून उतरणे नाही, धावणे तर नाहीच. खो-खोच्या खेळाडूला खांबाला वळसा घालून दिशा बदलायची असते, कबड्डीच्या चढाईपटूला मागच्या मागे सटकायचे असते. त्यांनी सूर्यनमस्कारांवर थांबू नये. दुसरी सूचना पहाटे उठल्या उठल्या नमस्कार घालणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी. रात्रभर आडवे राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि खोल वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांनी उठल्यावर अर्धा-पाऊण तास हिंडून-फिरून मगच हस्तपादासनात वाकावे.

आता ताण देण्याकडे, म्हणजे एका जागी थांबून स्नायू ओढून धरण्याकडे वळू. गेल्या पंचवीस वर्षांत या एका गोष्टीविषयी जाणकारांचे मत जितके बदलले तितके दुसऱ्या कशाविषयी बदलले नसेल. २००० साली ऑस्ट्रेलियन लष्करात १,५३८ नव्या भरतीच्या जवानांवर एक चाचणी झाली. निम्म्यांनी वॉर्म-अपमध्ये पायांच्या स्नायूंना ताण दिला, निम्म्यांनी दिला नाही. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे अनेक अभ्यासांत असे दिसले की एकेक स्नायू मिनिटभराहून अधिक ओढून धरला तर लगेचच्या उडीत, वेगात, ताकदीत थोडी घट होते. तीस सेकंदांच्या आतला ताण, आणि त्यानंतर पुन्हा धावणे-उड्या असतील, तर नुकसान नगण्य. त्यामुळे 'स्ट्रेचिंग वाईट' ही नवी घोषणा जुन्या समजुतीइतकीच अर्धवट आहे. मल्लखांबपटूला किंवा जिम्नॅस्टला पाय पूर्ण फाकवावे लागतात, तर त्याने ताण द्यायलाच हवा, फक्त मग पुन्हा अंग हलवून घ्यावे. धावपटूने आणि खो-खोपटूने ताणाचे काम संध्याकाळी, खेळ संपल्यावर किंवा वेगळ्या सत्रात करावे. खेळाआधी पाय झोकणे, चालता चालता पुढे गुडघा वाकवत खोल पाऊल टाकणे, गुडघे वर उचलत धावणे, टाचा मागे मारत धावणे यांनी तेच काम अधिक चांगले होते.

साधे धावणे आणि ताण यांनी दुखापती टळतात का, यावर पुरावा मिश्र आहे. पण वॉर्म-अपमध्ये ताकद, तोल आणि उतरण्याचे तंत्र घातले की चित्र पालटते. नॉर्वेत २००५ मध्ये हँडबॉल खेळणाऱ्या मुलामुलींवर आणि २००८ मध्ये १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर फुटबॉलमध्ये मोठे अभ्यास झाले. फुटबॉलमध्ये वापरला तो कार्यक्रम आज 'फिफा इलेव्हन प्लस' या नावाने जगभर माहीत आहे. त्यात सुमारे वीस मिनिटांत पंधरा व्यायाम असतात. आधी हलके धावणे, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगाने धावणे आणि दिशा बदलणे. या मुलींमध्ये एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या. लहान मुलांसाठी बनवलेल्या त्याच्या आवृत्तीची चाचणी स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताकात झाली. तिथेही दुखापती ४८ टक्क्यांनी कमी दिसल्या.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती एका फसलेल्या प्रयोगाची गोष्ट. याच कार्यक्रमाची आधीची, लहान आवृत्ती नॉर्वेतच मुलींवर वापरली गेली होती आणि तिचा काही उपयोग झाला नाही. एक मोठे कारण असे की संघ ती नेमाने करतच नव्हते. पुढच्या संशोधनातही हेच वारंवार दिसले. ज्या संघांनी नेमाने केले त्यांना लाभ झाला, ज्यांनी अधूनमधून केले त्यांना झाला नाही. आणि प्रशिक्षकाला प्रत्यक्ष शिकवले तर संघ नेमाने करतात. म्हणजे कागद कितीही चांगला असला तरी शेवटी तो घेणाऱ्या माणसावर येऊन ठरतो.

हे आपल्या मुलींच्या संदर्भात तातडीचे आहे. धावणे, वळणे, उड्या असलेल्या खेळांत गुडघ्यातील पुढचा क्रूशिएट लिगामेंट फाटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा काही पटींनी जास्त असते. कबड्डीत तर ही दुखापत मुलांनाही सोडत नाही. मातीवरून खेळ मॅटवर गेला, पायांत पकड घेणारे बूट आले. पाऊल मॅटला घट्ट धरून राहते, वर शरीर वळते आणि पिळवटतो तो गुडघा. एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो की बोटांच्या रेषेत राहतो, हे दर सरावाला पाहणारे डोळे असतील तर बरेच काही वाचते. या कामाला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. लिगामेंटची शस्त्रक्रिया म्हणजे मात्र मोठा खर्च आणि खेळातले बहुधा नऊ महिने ते वर्षभर. खेड्यातल्या मुलीच्या बाबतीत बहुतेकदा खेळच संपतो.

परदेशी कार्यक्रम जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण आपली हवा वेगळी आहे. ऑस्लोत थंडीत अंग तापवायला पंधरा मिनिटे धावावे लागत असेल. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा वीसच्या आसपास असतो आणि मार्चपासून दमटपणा असा वाढतो की उभ्या उभ्या घाम येतो. हवेत आधीच बाष्प असल्यामुळे हा घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. थर्मामीटर ३३ दाखवत असला तरी किनाऱ्यावरच्या खेळाडूचे शरीर आतून फार लवकर तापते. म्हणून आपल्याकडे तापवण्याचा भाग आखूड हवा. मार्च ते मेमध्ये तीन-चार मिनिटांचे हलके धावणे पुरे, तेही सावलीत. वाचलेला वेळ सांध्यांच्या हालचाली, तोल आणि खेळासारख्या हालचालींना द्यावा. लांब पल्ल्याच्या धावपटूने तर उष्ण हवेत आणखी कमी करावे; भाट्ये किंवा काळबादेवीच्या बाजूला दहा किलोमीटर किंवा त्याहून लांब धावायचे असेल तर थोडे चालणे, सांधे मोकळे करणे, आणि पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश. तोच त्याचा वॉर्म-अप. सुरुवातीआधी डोक्यावर, मानेवर गार पाणी घेणे त्याला वीस मिनिटांच्या उड्यांपेक्षा जास्त कामाला येईल.

पावसाळ्याचे गणित उलटे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर मैदाने बंद आणि जांभ्याच्या फरशांवर शेवाळ. सराव सभागृहात, शाळेच्या पडवीत होतो. ओल्या कपड्यांत बसलेले मूल पटकन गारठते. तेव्हा कोरडा बनियन बदलणे हा वॉर्म-अपचाच भाग समजावा, आणि ओल्या जांभ्यावर धावण्या-उड्यांचा मोह टाळावा. दोरीवरच्या उड्या, जागच्या जागी धावणे, बैठका, एका पायावर उभे राहून जोडीदाराशी चेंडू फेकाफेक हे सगळे दहा बाय दहाच्या जागेत होते.

यानंतरचा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, तो म्हणजे वॉर्म-अप आणि खेळ यांमधली फट. हालचाल थांबली की पंधरा-वीस मिनिटांत स्नायूंचे तापमान बरेच उतरते. कोपनहेगनमध्ये २००४ साली फुटबॉलपटूंवर झालेल्या अभ्यासात मध्यंतरात नुसते बसून राहिलेल्या खेळाडूंच्या मांडीचे तापमान सुमारे २ अंशांनी उतरले आणि दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला त्यांचा वेग घटला. ज्यांनी मध्यंतरात काही मिनिटे हलकी हालचाल ठेवली त्यांचा वेग टिकला. आता आपले खेळ पाहा. कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाकावर बसतो, संघाला गुण मिळाला की जिवंत होऊन आत येतो आणि पुढच्याच क्षणी त्याला कोपऱ्यात घोटा पकडायचा असतो. खो-खोत संरक्षक तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. पहिली तुकडी चांगली खेळली तर तिसरीतली तिघे बराच वेळ कडेला असतात. या खेळाडूंसाठी नियम सोपा ठेवावा: बसायचे नाही. उभे राहून पाय हलते ठेवायचे, दर दोन-तीन मिनिटांनी दहा-पंधरा सेकंद जागच्या जागी जलद पावले. आणि सामना लांबला तर सगळा वॉर्म-अप पुन्हा नको, शेवटची पाच मिनिटे पुन्हा.

पोलीस भरतीच्या मैदानावर ही फट सर्वांत जीवघेणी होते. मुले पहाटेपासून रांगेत असतात. कागदपत्रे, उंची, छाती, चेस्ट नंबर, आणि मग अचानक १६०० मीटरसाठी तुकडी पुकारली जाते. पोटात चहा-बिस्किट, अंग ताठरलेले, डोक्यावर ऊन. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमींनी मुलांना धावायला शिकवतात तसे थांबायलाही शिकवावे: सावली धरून बसणे, घोट घोट पाणी, दर दहा मिनिटांनी दोन मिनिटे चालणे आणि पाय झोकणे, पुकाऱ्याची चाहूल लागताच तीन मिनिटे हलके धावून दोन-तीन छोट्या वाढत्या वेगाच्या धावा. ७.२६ किलोचा गोळा फेकण्याआधी खांदा, कंबर आणि मनगट वेगळे मोकळे करावे लागतात, धावून झाले म्हणून खांदा तापत नाही.

आणि आपला चाकरमानी. वर्षभर मुंबईत लोकल आणि खुर्ची, मग गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी आला की तिसऱ्या दिवशी भाताच्या मळ्यातल्या खेळपट्टीवर ओव्हरआर्म क्रिकेट, वाडीची कबड्डी, नाहीतर खांद्यावर पालखी घेऊन नाचणे. पोटरीत, मांडीच्या मागे कळ येते ती याच माणसाला, बहुधा तिशी ते पंचेचाळिशीतल्या. त्याला एवढेच सांगणे आहे की पहिली धाव पूर्ण जोराने पळू नका, पहिला चेंडू सीमारेषेवरून फेकू नका. आधी जवळून, मग लांबून अशा पंधरा-वीस फेका करा. पालखी खांद्यावर घेण्याआधी चार बैठका घाला आणि खांदे फिरवा. वय वाढेल तसा वॉर्म-अप लांबतो, आखूड होत नाही.

खो-खोच्या संघासाठी मी स्वतः आखणी करीन ती अशी. खांबांच्या बाहेरून चार मिनिटे हलके धावणे, त्यातच बाजूने सरकणे, उलटे धावणे, दिशा बदलणे; शेजाऱ्याशी बोलता येईल एवढाच वेग. पुढची चार-पाच मिनिटे घोटा, नितंब आणि मांड्यांसाठी: पाय झोकणे, खोल पावले, आणि उकिडवे बसून टाच जमिनीला टेकवत उठणे, कारण आक्रमकाला याच बैठकीतून सुटायचे असते. मग तीन मिनिटे एका पायावर तोल, बाजूला छोटी उडी मारून दोन सेकंद स्थिर राहणे, जोडीने मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि सावकाश पुढे झुकायचे. हा व्यायाम करणाऱ्या संघांत मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात. सामन्याच्या दिवशी तो दोन-तीनदाच करावा, सरावात जास्त. शेवटी खेळच, पण कमी वेगात: साखळीत दोन फेऱ्या, खांबाला चार वळसे, मग तीन-चार पूर्ण वेगाच्या छोट्या धावा. सूर मारण्याचा सराव मऊ जागी एखाद-दुसरा पुरे. मग पाणी आणि चार-पाच मिनिटे उसंत.

लहान मुलांना मात्र आकडे मोजत व्यायाम देऊच नयेत. शिवाशिवी, विषामृत, साखळी पकडापकडी यांनी पाच मिनिटांत मुले तापतात आणि हसतातही. लंगडी हा तोल आणि एका पायावर उतरण्याचा उत्तम व्यायाम आपल्या घरातच आहे. फक्त तो सुरुवातीला नको, अंग तापल्यावर, आणि दोन्ही पायांवर सारखा. दमा असलेल्या मुलाला बाजूला बसवू नये. थांबत थांबत केलेल्या छोट्या जोरकस धावांनी त्याचा पुढचा त्रास बऱ्याचदा कमी होतो. इनहेलर मात्र सरांच्या पिशवीत हवा.

वॉर्म-अप घेणाऱ्याने तो कसा घ्यावा, हे आपल्याकडे प्रशिक्षणात फार कमी शिकवले जाते. ऊन मुलांच्या पाठीवर आणि सरांच्या तोंडावर येईल अशी जागा धरावी. समोर उभे राहून दाखवताना 'डावा' म्हणत आपला उजवा हलवावा, म्हणजे मुलांचा गोंधळ होत नाही. सांगणे दोन वाक्यांत, दाखवणे एकदा, आणि लगेच हालचाल. पाच मिनिटांच्या भाषणात तापलेले अंग थंड होते. सराव रुळला की मोजणी एखाद्या जाणत्या खेळाडूकडे सोपवावी आणि सरांनी रांगांमधून फिरावे. लंगडणारा कोण, काल ताप येऊन गेलेला कोण, बुटाचा तळ सुटलेला कोण, उतरताना गुडघा आत जाणारी मुलगी कोणती, हे फिरणाऱ्यालाच दिसते. दुखते म्हणून सांगणाऱ्या मुलाला नाटक करतोस म्हणणाऱ्या शिक्षकाला पुढच्या वेळी ते दुखणे कळणारच नाही, आणि त्याची किंमत ते मूल मोजेल.

स्पर्धा भरवणाऱ्यांनीही यात आपला वाटा उचलायला हवा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, तालुका संघटना आणि शाळा यांना विनंती आहे की पुढच्या हंगामापासून प्रत्येक सामन्याचा पुकारा निदान पंधरा मिनिटे आधी करावा, वेळ बदलली तर संघांना लगेच कळवावे, आणि मैदानालगत वीस मीटरची एक पट्टी प्रेक्षक व गाड्या यांच्यापासून मोकळी ठेवावी.